कपाटावरचे स्टिकर आणि माझी सही

मंडळी, सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून इथं लिहितेय.

आज आमच्या मोशीच्या सोसायटीत हौशी फोटोंची स्पर्धा होती. विषय होता ‘माझं कामाचं ठिकाण’ आणि परीक्षक मी.

बहुतेक फोटोंत लॅपटॉप, कॉफीचा मग आणि काचेपलीकडचं हिंजवडीचं आयटी पार्क. एकात मात्र लोखंडी कपाटाचं दार होतं आणि त्यावर ओळीनं चिकटवलेले असंख्य छोटे गोल स्टिकर.

तो फोटो तिसऱ्या मजल्यावरच्या संतोषभाऊंचा. ते चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत आहेत. मी विचारलं, तर म्हणाले, “ताई, गेटवर रोज मोबाईलच्या कॅमेऱ्याला स्टिकर लावतेत. आत फोटो काढला की नोकरी गेली. शिफ्ट सुटल्यावर काढतो अन् घरी दाराला लावतो. दाखवायला एवढंच हाय.”

मी त्यांना पहिला नंबर दिला. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, “मॅडम, यात कामाचं ठिकाण कुठं दिसतंय? घरगुती स्पर्धा आहे, उगाच वाद नको.”

मी दहा मिनिटं भांडले आणि मग माघार घेतली. बक्षीस कॉफीच्या मगाला गेलं. निकालावर सही माझीच आहे.

आमच्या विंगमधली निम्मी माणसं चाकणला जातात. बाकी कुणाचाच फोटो का आला नाही, ते आत्ता कळतंय. विषयही मीच सुचवला होता.

संतोषभाऊ उद्या लिफ्टमध्ये भेटतील आणि नेहमीसारखे हसतील. तेव्हा मी काय बोलू?