रामलिंगाच्या गाडीतली झडप

परवा नातीसाठी जुन्या सागवानी पेटीचं झाकण धरून उभी होते. ती आत वाकून आपली बाहुली शोधत होती, आणि त्या लाकडाचा कोंदट, तेलकट वास नाकात शिरला. तोच वास निजामाच्या राजवटीत, श्रावणातल्या एका सोमवारी, छोट्या रेल्वेच्या जनाना डब्यात होता.

लग्नानंतर पहिल्यांदाच आम्ही रामलिंगाच्या दर्शनाला निघालो होतो. येडशी स्टेशन मागं पडलं, घाट लागला, पण खिडक्यांच्या लाकडी झडपा बंद. सासूबाईंनी बजावलं होतं, "झडप उघडू नको. इंजिनाची ठिणगी लुगड्यावर येती." मी फटीला डोळा लावून बसले होते.

समोरची बुरख्यातली म्हातारी उठली. तिनं माझ्या शेजारची झडप वर केली. "देख बेटी, जी भर के देख." वयानं मोठी बाई, म्हणून सासूबाईंनी तिला अडवलं नाही. त्यांनी माझ्या मांडीवर आपली घोंगडी तेवढी टाकली.

हिरवं रान, दगडांवरून उड्या घेणारं पाणी, वळणावर आमच्याच गाडीचे पुढचे डबे. देऊळ आलं तेव्हा कुठं मी मागं वळले. झडप वर अडकवायची खिटी तुटलेली होती. म्हातारीनं झडप दोन्ही हातांनी तोलून धरली होती, मनगटांवर कोळशाचे काळे कण. मी तिला नमस्कारही न करता उतरले.

परवा माझे हात दोन मिनिटांत भरून आले. त्या म्हातारीनं अख्खा घाट संपेस्तोवर झडप धरली होती. तिला हात जोडावेसे वाटले, पण नात अजून शोधत होती. मी झाकण सोडलं नाही.