बिनटांग्याचा नंबर

सरकारवर डोळे झाकून विश्वास ठेवणारा अख्ख्या नगर जिल्ह्यात एकच माणूस होता आणि तो नेमका आमच्या गल्लीत राहत होता. खुद्द सरकारचाही सरकारवर इतका विश्वास नसेल. त्यांना सगळी गल्ली चाचा म्हणायची. चाचा स्टेशनवर टांगा चालवायचे आणि मी कचेरीबाहेर कडुलिंबाखाली टाइपरायटर मांडून लोकांचे अर्ज बडवायचो, म्हणून चाचांच्या लेखी मी 'मुन्शी'. सरकार काय चीज आहे ते मी दहा ते पाच फार जवळून बघत होतो. आणि संध्याकाळी घरी येताना हा माणूस मला ऐकवायचा, "मुन्शी, सरकारनं कायदा काढला मंजी काय तरी इचार करूनच काढला असंल ना?" डोंबलाचा विचार! पण चाचांपुढे हे बोलायची सोय नव्हती, त्यांना खरोखर वाईट वाटायचं.

त्यांच्या टांग्याच्या मागे नगरपालिकेचा एक पत्रा ठोकलेला होता. त्यावर टांग्याचे नियम लिहिले होते. चाचांना वाचता येत नव्हतं, पण तो पत्रा त्यांनी कुणाकडून तरी वाचून घेऊन तोंडपाठ केला होता. तीन शीट, दिवेलागणीला कंदील, जनावराला विनाकारण मारू नये. नगरमधले बाकीचे टांगे सहा-सहा माणसं कोंबून पळायचे, आणि चाचांच्या टांग्यात चौथ्या माणसानं पाय ठेवला की त्यांची घोडी जागची हलायची नाही. म्हणजे चाचाच हलू द्यायचे नाहीत. तिचं नाव बिजली. नाव ठेवणाऱ्याची विनोदबुद्धी थोर होती, कारण तिच्याइतकं सावकाश चालणारं जनावर मी दुसरं पाहिलं नाही. एकदा मी, बायको आणि दोन पोरं असे मनमाडकडून आलो. बायको-पोरं टांग्यात बसली, मी चढायला गेलो तर चाचांनी चाबूक आडवा धरला. "मुन्शी, तीन झाली." म्हटलं, अहो, पोरं चिल्लीपिल्ली आहेत, दोघांचं मिळून एक शीट धरा. तर म्हणतात, "पत्र्यावर तसं न्हाई." झालं! स्टेशनपासून दिल्लीगेटपर्यंत मी टांग्याच्या बाजूनं चालत आलो. चाचांनी माझ्यासाठी घोडीची चाल आणखी कमी केली आणि वाटभर माझ्याशी गप्पा मारल्या. वर घरी पोचल्यावर मलाच विचारलं, "दमला न्हाई ना?"

अशा माणसाच्या नशिबी रिक्षा आल्या. एकाहत्तरच्या हिवाळ्यात बातमी आली की नगरला रिक्षांची परमिटं निघणार आणि स्टेशनवरच्या टांगेवाल्यांना त्यात पहिला मान मिळणार. सगळे टांगेवाले माझ्या झाडाखाली येऊन बसले. प्रत्येकाचा फॉर्म मी भरला. त्यात एक रकाना होता, 'अर्जदाराच्या नावावर भाड्याचे दुसरे वाहन आहे काय?' तिथं मी सगळ्यांचं बिनदिक्कत 'नाही' टाइप केलं. आता टांगा तर प्रत्येकाकडे होता, पण तो रातोरात कुणाच्या मेव्हण्याचा झाला, कुणाच्या सासूचा झाला. हे सरकारला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, सासूलाही ठाऊक होतं. कुणाची काही हरकत नव्हती. चाचांनी मात्र अंगठा उठवला आणि मग विचारलं, "इथं काय लिवलंय?" मी सांगितलं. ते अंगठ्याची शाई बघत राहिले. म्हणाले, "पर माझ्या नावावर तर टांगा हाय." मी म्हटलं, चाचा, तो नुसता रकाना आहे हो! असं लिहावंच लागतं.

"रकाना का असंना," चाचा म्हणाले. "अंगठा माझा हाय."

मी हसलो. इथंच माझं चुकलं, आणि ते मला आजतागायत टोचतं. तो फॉर्म मी तिथल्या तिथं फाडून टाकायला हवा होता. पुढच्या बाजाराच्या दिवशी चाचा बिजलीला घेऊन घोडेगावला गेले आणि तिला विकून आले. कोल्हारच्या एका बागाईतदारानं घेतली. मग नगरपालिकेत जाऊन टांग्याचा पितळी बिल्ला जमा केला. तेव्हा कुठं त्यांच्या जिवाला शांतता मिळाली. मला येऊन म्हणाले, "मुन्शी, तुमी लिवलेलं आता खरं झालं. आता पाठवा." मी कपाळावर हात मारला. कागद खरा करण्यासाठी घोडी विकणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा सापडला, तर मी टाइपरायटर मुळा नदीत टाकायला तयार आहे. टांग्याचा सांगाडा अंगणात पडून राहिला आणि त्यात चाचींच्या कोंबड्या अंडी घालू लागल्या.

आता खरी पंचाईत पुढं होती. स्टेशनच्या स्टँडवर टांगेवाल्यांची रांग असायची आणि रांगेचा कायदा कडक होता. जो आठ दिवस आला नाही त्याचा नंबर गेला, मग तो कुणीही असो. चाचांच्या वडिलांपासून तो नंबर चालत आलेला. उद्या रिक्षा आली आणि नंबर गेलेला असला तर ती उभी कुठं करायची? चाचांनी विचार केला आणि रोज सकाळी रांगेत जाऊन उभे राहू लागले. टांगा नाही, घोडी नाही, नुसते चाचा. हातात चाबूक. पुढं एक टांगा, मागं एक टांगा, मधे हे. पुढचा सरकला की चारच पावलं, पण घोड्याच्या चालीनं सरकायचे. पहिले आठ दिवस पोरासोरांनी हसून घेतलं. नंतर टांगेवाल्यांनीच त्यांच्यासाठी एका टांग्याएवढी जागा मोकळी सोडायला सुरुवात केली.

नंबर आला की चाचा पुढं व्हायचे. "या साहेब, कुठं, माळीवाड्याला?" गिऱ्हाईकाची पेटी उचलायची, घरच्यांची चौकशी करायची, आणि मग त्याला मागच्या टांग्यात नेऊन बसवायचं. "जपून ने रं, माझं शीट हाय." भाड्यातला वाटा द्यायला गेलं तर हात मागं घ्यायचे. म्हणायचे, "घोडं तुझं पळलं, मी कशाला घेऊ?" एवढ्यावर थांबतील तर ते चाचा कसले? गिऱ्हाईक गेलं की ते लगेच रांगेच्या शेवटी जायचे नाहीत. ते स्टँडच्या कडेच्या चिंचेखाली जाऊन बसायचे. मला वाटलं दमले असतील. विचारलं तर म्हणाले, "माळीवाड्याला जाऊन यायला येळ लागतो ना? लगीच कसा नंबर लावू? बाकीच्यांवर अन्याव हुईल." भिंगारचं गिऱ्हाईक असलं तर ते दुप्पट वेळ बसायचे.

तेवढ्यात बाहत्तरचा दुष्काळ आला. शहरातली घोडी चाऱ्यावाचून खंगायला लागली. टांगेवाले चाचांना म्हणायचे, तुमची सुटली, कोल्हारला नदीकाठी हिरवं खात असंल. चाचांना तेवढाच आधार. कोल्हारकडचा माणूस स्टेशनात दिसायचा अवकाश, चाचा त्याला गाठायचे, "कोल्हारचे का? आमची बिजली कशी हाय?" बिचारा गोंधळून जायचा. एकानं आपलं बोलायचं म्हणून 'बरी आहे' म्हटलं, तर चाचांनी त्याला चहा पाजला. इकडे चाची रोज दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या. त्यांच्या हातांना फोड आले होते. एक दिवस त्या माझ्या झाडाखाली आल्या, डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि म्हणाल्या, "भाईजान, तुमी तरी सांगा त्यानला. खडीवर दोघं गेलो तर पोट भरंल. पर त्ये म्हनत्यात नंबर जाईल." मी सांगून बघितलं. चाचा नुसते हसले. "परमिट आल्यावर तिलाच पयली बसवनार मी, फुकटात. तीन शिटांत बसती ती."

आणि परमिट आलं! खोटं कशाला बोलू, मला धक्काच बसला. चाचांनी तो कागद डोळ्यांना लावला, साऱ्या गल्लीला गूळ वाटला. मला मात्र खालची बारीक ओळ दिसली होती. चार महिन्यांत गाडी आणून दाखवायची, न आणल्यास परमिट रद्द. गाडी मिळायची पुण्याला, आणि तिथं नंबर लावून माणसं चार-चार वर्षं बसलेली. ज्यांना मेव्हणे, सासवा होत्या त्यांतल्या दोघांनी कुणाच्या तरी ओळखीनं गाड्या मिळवल्या. चाचांची ओळख फक्त माझ्याशी. त्यांनी पुण्याला रीतसर नंबर लावला. म्हणजे आता स्टँडवर एक नंबर आणि पुण्यात एक, आणि दोन्हीकडे गाडीचा पत्ता नाही.

मी मुदत वाढवून मिळण्यासाठी अर्ज केले. जीव ओतून केले. 'कृपावंत होऊन' हे शब्द मी आयुष्यभर सवयीनं बडवत आलो, त्या चार महिन्यांत ते मी खरोखरचे लिहिले. एकाचंही उत्तर आलं नाही. चाचा म्हणायचे, "इचार चालू असंल."

उन्हाळ्यात एका सकाळी चाचा लिफाफा घेऊन माझ्याकडे आले. मी उघडला. परमिट रद्द झालं होतं. कारण दीड ओळीत संपवलं होतं. चाचा समोर उभे, हातात चाबूक, तिथून स्टेशनवर जायच्या तयारीत. मला ते शब्द तोंडातून निघेनात. मी कागद डोळ्यांसमोर धरून वाचायला लागलो, "आपणांस कळविण्यात येते की, आपला अर्ज विचाराधीन असून, लवकरच..."

"मुन्शी," चाचा म्हणाले.

मी थांबलो.

"मी काल मशिदीत मौलवीसाहेबांकडनं वाचून घेतलाय त्यो." त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. "खोट्यावर अंगठा नको म्हणून मी बिजली इकली. आन् आता तुमी कागद खोटा वाचता?"

मला रडू आलं. भर कचेरीसमोर, अशिलांच्या देखत, चांगला घोडा झालेला माणूस मी रडलो. चाचांनीच मला कोपऱ्यावरचा चहा आणून दिला. म्हणाले, "एक अर्ज लिवा. शेवटचा." कुणाला लिहायचा? म्हणाले, "स्टँडला."

मी कागद चढवला, मधे कार्बन घातला. 'मेहेरबान सर्व टांगेवाले व रिक्षावाले, स्टेशन स्टँड, यांस. अर्जदाराजवळ वाहन नाही व पुढे येण्याचा संभव नाही. सबब कृपावंत होऊन रांगेतील अर्जदाराचा नंबर कमी करावा व जागा मागील गाडीस द्यावी.' मी वाचून दाखवला. या खेपेला अक्षर न् अक्षर वाचलं. चाचांनी मान हलवली आणि अंगठा उठवला.

स्टेशनवर मी बरोबर गेलो. रांगेत त्यांची जागा मोकळी सोडलेली होतीच. मी अर्ज मोठ्यानं वाचला. मग सगळ्यांत म्हाताऱ्या टांगेवाल्यानं माझ्याकडून शाईची डबी घेतली, कागदाच्या खाली अंगठा उठवला, आणि मागच्या गाडीला हात केला. ती नवी रिक्षा होती. ती मोकळ्या जागेत आली. चाचांनी ती नीट रांगेत लागली की नाही ते बघितलं, "थोडी फुडं घे," म्हणाले, आणि चाबूक काखेत धरून खडीच्या कामाकडे चालायला लागले. तेसुद्धा घोड्याच्याच चालीनं.

त्या अर्जाची कार्बन कॉपी माझ्याजवळ अजून आहे. उभी हयात मी अर्ज बडवण्यात घालवली. दिल्या दिवशी मंजूर झालेला माझा तेवढा एकच.