मागून आलेले हात

स्पिरिटचा वास आला की मंगरूळपीरचा तो दवाखाना आठवतो. काकूच्या गळ्यावर लिंबाएवढी गाठ होती. एसटीत शेजारच्यांना सांगता सांगता शेलूबाजारचा थांबा येईस्तोवर काकांनी तिचं टरबूज केलं होतं. डॉक्टरांनी काकूला पाण्याचा पेला दिला, मागं उभं राहून दोन्ही हात तिच्या गळ्यावर ठेवले नि म्हणाले, "घोट घ्या." काकांनी काठी उचलली. "मांगून काहून धरता, सायेब? गळा दाबून राह्यले का तिचा?" "गाठ घोटाबरोबर हलते का, ते असंच कळतं." "मंग आधी माह्या गळ्यावर दाखवा." डॉक्टरांनी दाखवलं, नि त्यांची बोटं तिथंच थबकली. नागपूरला दोघांची तपासणी झाली; काकूची गाठ साधी निघाली, कॅन्सरची निघाली काकांची. ती वेळेत काढली, तरी डॉक्टरानंच ती चिकटवली, असं काका म्हातारे होईस्तोवर सांगत. परवा माझाही गळा तपासायला एक डॉक्टर मागं उभे राहिले, तेव्हा मी निमूट घोट घेतला. पण आधी त्यांचे हात रिकामे आहेत ना, ते बघून घेतलं.