मी त्या चित्रासमोर पडलो नाही

"बाबांना म्युझियममध्ये चक्कर आली, गार्डने वेळेवर धरलं म्हणून वाचले." — आमच्या चिरंजीवांनी फॅमिली ग्रुपवर टाकलेलं हे विधान साफ खोटं आहे. त्याच्याच आधारे माझं पुण्याचं एकेरी तिकीट काढायचं चाललं आहे, म्हणून हा खुलासा.

मी आयुष्यभर चित्रकला शिकवली. शेवटची वर्षं दुबईत, ऊद मेथाच्या एका शाळेत. भूत, दैव, साक्षात्कार — यांपैकी कशावरही माझा कधी विश्वास नव्हता.

हल्ली मुक्काम अबुधाबीजवळच्या खलिफा सिटीत, मुलाकडे. गेल्या महिन्यात अबुधाबीत इटालियन धार्मिक चित्रांचं प्रदर्शन होतं. एके दिवशी सकाळीच सून, नात आणि मी गेलो. एका मोठ्या कॅनव्हाससमोर मी थांबलो. संत फ्रान्सिस — जाडाभरडा तपकिरी झगा, कमरेला दोरी, तळहातांवर जखमा — ईश्वरी आनंदात भान हरपून मागे कललेला. आणि एक देवदूत त्याला पाठीमागून जेमतेम बोटांनी सावरतो आहे.

"तोल साफ चुकलाय," मी म्हणालो. "एवढ्या आधारावर माणूस उभा राहूच शकत नाही."

"आजोबा, इट्स अ मिरॅकल. दॅट्स द पॉइंट!" नात म्हणाली.

"मिरॅकल झालं तरी वजन कुठे जाईल?"

वर्गात कुठलीही पोज मी स्वतः उभं राहून दाखवत असे. तीच सवय. चष्मा सुनेच्या हातात दिला, हात पसरले, मान मागे टाकली.

"बाबा, नका हो! लोक बघतायत," सून कुजबुजली.

मी कललो. तोल जाऊ लागला की पाय मागे घ्यायचा, असं ठरवलं होतं. तो क्षण आलाच नाही. खांद्यांच्या पात्यांखाली ऊब जाणवली... आणि मी तसाच राहिलो. छातीत काहीतरी इतकं भरून आलं, की त्याला शब्द देणं मला आजही जमत नाही — आणि याचाच सर्वांत जास्त संताप येतो. दारापाशी उभा असलेला गार्ड "सर, सर!" करत पोहोचला, तेव्हा मी सरळ झालो होतो. त्याने माझा दंड धरला, तो त्यानंतर.

"शुगर लो झाली असणार," चिरंजीव म्हणतात. "आता खलास, बाबा, पुरे झालं. दिवसभर तुम्हाला इथे एकटं ठेवता येणार नाही."

माझी शुगर त्यांच्यापेक्षा बरी आहे.

नेमकं काय घडलं, ते मला सांगता येत नाही. पण 'पडले' म्हणणाऱ्यांनी नातीने गंमत म्हणून काढलेला व्हिडिओ एकदा पाहावा. त्यात माझ्या बुटांचे चवडे जमिनीवरून उचललेले आहेत, पाठ चित्रातल्या संताहून अधिक कललेली आहे, आणि माझ्या मागे कोणीही नाही.