गादीची न शिवलेली कड

दुपारच्या सामसुमीत एखादं लेकरू आकडे मोजताना ऐकू आलं, की मेढ्याकडच्या डोंगरातलं ते प्रकरण अजून डोळ्यांसमोर उभं राहतं. निवृत्तीनंतर मी सांगलीत, विश्रामबागेत राहतो. शेजारच्या घरात पहिलीच्या वाटेवरची एक मुलगी आहे. जेवणं उरकून गल्ली पेंगुळली की तिच्या खिडकीतून 'एक, दोन, तीन' सुरू होतं आणि मी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातलं बरंचसं विसरलो. हे मात्र विसरावंसं वाटत नाही. नावं कुणाचीच सांगणार नाही, गावाचंही नाही.

माझं नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. त्या भागातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी. तिथल्या वाड्या एकमेकींपासून इतक्या लांब, की चार-पाच वर्षांच्या पोरांना रोज बालवाडीत धाडणं अवघड. म्हणून सरकारी खर्चानं एक योजना आली होती. जूनमध्ये पहिलीत जाणाऱ्या मुलाच्या घरी एक टॅबलेट द्यायचा. त्यात पंधरा-पंधरा मिनिटांचे धडे. एक बाई गोड आवाजात चित्रं, आकडे, अक्षरं शिकवायची. मुलानं बोट लावून बरोबर उत्तर दिलं की म्हणायची, 'शाब्बास! चला, पुढं जाऊया.' घरातल्या कुणीतरी शेजारी बसायचं, एवढीच अट. लोक त्याला सरकारी पाटी म्हणत.

एप्रिलातला सोमवार होता. सकाळची हजेरी चालली होती, तेवढ्यात एक निवृत्त सुभेदार ठाण्यात आले. कडक इस्त्रीचा सदरा, ताठ मान, हातात अर्ज. अर्ज मुद्देवार लिहिलेला, प्रत्येक मुद्द्याला क्रमांक. नातीच्या नावावर आलेली सरकारी पाटी कुलूपबंद ट्रंकेतून नाहीशी झाली होती. कुलूप शाबूत होतं आणि चावी सदैव सुभेदारांच्या करगोट्याला. अंघोळीला जाताना तेवढी खुंटीवर लावत.

"कुणावर संशय?" मी विचारलं.

"संशय म्हणून कुणाचं नाव घ्यायचं न्हाई, साहेब. पण मंगळवारी गाद्या करायला पिंजारी आलता. ट्रंकेवरच्या गाद्या त्यानंच उतरवल्या. बाहेरचा माणूस तेवढाच."

नाव न घेता नाव कसं घ्यायचं, हे काही लोकांना छान जमतं. मी तो अर्ज प्राथमिक चौकशीवर ठेवला, स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि दुपारी वाडीवर गेलो.

घरात सुभेदार, त्यांची सून आणि पाच वर्षांची नात, एवढीच माणसं. मुलगा फौजेत, सरहद्दीवर कुठंतरी. ट्रंक काळी, फौजेतलीच, वर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. आत डांबरगोळ्यांचा वास, घडी घातलेला गणवेश आणि पाटीचं रिकामं खोकं. पंचनामा चालू असताना मी सहज विचारलं, की पोरगी पाटीवर रोज किती वेळ बसायची?

सुभेदार माझ्याकडं बघतच राहिले. "बसायची? आवं, सरकारी वस्तू हाय ती! जूनमदी जशीच्या तशी परत द्यायची. मी दर रविवारी काढायचो, पुसायचो, चार्ज करायचो आन् परत ट्रंकेत. दोन महिन्यांत एक ओरखडा न्हाई पडू दिला."

मला हसू आलं, पण आवरलं. या मुलखात घराआड एक फौजी. साठवणीतल्या वस्तूवर ओरखडा म्हणजे जबाब, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. नातीला मिळालेली वस्तू त्यांनी स्वतःच्या नावावर सही करून घेतली होती. आता ती हरवली म्हणजे आयुष्यभराच्या नोकरीला डाग, असं धरून त्यांनी रविवारपासून अन्न सोडलं होतं. नात दाराशी बसून माझ्या शर्टाच्या बटणांकडं टक लावून बघत होती. तिचे ओठ हलत होते. त्याकडं मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

बुधवारी अंगणवाडीच्या ताईंचा फोन आला. वाड्यांवरच्या पाट्यांची देखरेख त्यांच्याकडं होती. पाटीला रेंज मिळाली, की कुणी कोणता धडा केला, याची नोंद आपोआप त्यांच्या मोबाईलवर यायची.

"साहेब, कसं सांगू? तो चोर अभ्यास करतोय!"

"म्हणजे?"

"दोन महिने ती पाटी मुकी होती. या महिन्याअखेर काढून यादीतल्या दुसऱ्या मुलाला देणार होतो, तसं घरी सांगूनही आले होते. आता गेल्या मंगळवारपासून रोज धडे होतायत. कधी दोन, कधी तीन. वेळ दीडच्या पुढची. पहिल्या दिवशी सगळी उत्तरं चुकलेली. काल एकही चूक नाही."

म्हणजे वस्तू ज्याच्याकडं होती, त्याच्या घरात शिकायच्या वयाचं मूल होतं. बीट अंमलदारानं माहिती आणली, की पिंजाऱ्याची नात त्याच वयाची आहे आणि तिचं नाव यादीत नाही. झालं! माझ्या डोक्यात गणित चटकन सुटलं. इतकं चटकन सुटलेलं गणित पुन्हा तपासावं, एवढं मला नोकरीच्या शेवटच्या वर्षात तरी कळायला हवं होतं.

गुरुवारी पिंजाऱ्याला बोलावलं. साठीचा माणूस, दाढीत आणि भुवयांत कापसाचे तंतू अडकलेले. सगळी वाडी त्यांना चाचा म्हणायची. तालुक्याच्या बाजारात गाद्या यंत्रावर पिंजून मिळतात, पण डोंगरातल्या घरी कोण एवढं ओझं खाली आणणार? चाचा कापूस पिंजायची धनुकली खांद्यावर टाकून घरोघरी जात. मी त्यांना व्हरांड्यातल्या बाकावर चार तास बसवून ठेवलं. बाजाराचा दिवस होता. येणारा-जाणारा बघत होता. हे सगळं मी मुद्दाम केलं, हेही लिहायला हवं.

मग आत घेतलं. कधी आलात, कोण घरात होतं, ट्रंक कुणी हलवली, सगळ्याची उत्तरं सरळ आली. आवाजात कापरं नाही. मी शेवटी विचारलं, "त्या दिवशी घरात काही वेगळं दिसलं?"

चाचांनी दाढीतला कापसाचा एक तंतू काढून बोटांत वळला.

"दिसलं का नाही?"

"साहेब, ते इचारू नका."

"का?"

"आमचा धंदा लोकांच्या घरात शिरून करायचा. दोन रोज झाले, कुणी दारात उभं करंना मला. तरीबी सांगतो, गादीतलं गादीवाल्यानं बोलायचं नसतं. माझ्या बानं धनुकली हातात देताना शपथ घातलीय. गादीत काय काय निघतं, साहेब! कुणाची पत्रं, कुणाच्या लेकराचं टोपडं. आमी ते हुतं तिथंच परत ठेवतो आन् टाका घालतो."

मी टेबलावर हात आपटला. गप्प राहणारा माणूस दोषी, हा आमच्या खात्यातला जुना हिशेब. उद्या पुन्हा या, म्हणून त्यांना सोडलं. ते उठले, बाकावरचा कापूस हातानं झाडला आणि सावकाश फाटकाबाहेर गेले. मी खिडकीतून बघत राहिलो आणि तेव्हा कुठं डोक्यात लख्ख उजेड पडला. मी विचारलं होतं घराबद्दल. उत्तर आलं होतं गादीबद्दल.

शुक्रवारी दीड वाजता मी एकटाच वाडीवर गेलो. जीप खाली उभी केली आणि चालत वर चढलो. ती दुपार कशी सांगू? सगळी वाडी झोपलेली. ऊन पिवळं, मऊ झालेलं. करवंदीच्या जाळ्यांतून वारा येई आणि सुकलेली पानं अंगणात थोडी सरकून पुन्हा निजून जात. ओट्यावर सुभेदार आडवे झाले होते, छातीवर दोन्ही हात नीट ठेवून. कोंबड्यासुद्धा भिंतीच्या सावलीला डोळे मिटून बसल्या होत्या. मी परसदाराला गेलो. दार लोटलेलं होतं. आतून आवाज येत होता.

"फांदीवर किती पक्षी आहेत? मोजूया?"

"एक. दोन. तीन. चार," बारीक आवाजात नात मोजत होती.

"शाब्बास! चला, पुढं जाऊया."

मी दार ढकलायला हवं होतं. ढकललं नाही. तिथंच पायरीवर बसलो, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. औंधजवळच्या आमच्या शाळेची पहिली शेणानं सारवलेल्या जमिनीवर भरायची. तिथले गुरुजी असेच मोजायला लावत आणि खिडकीतून यमाईचा डोंगर दिसे. डोळे जड झाले. पक्ष्यांनंतर मासे आले, माशांनंतर चांदण्या आल्या. मी मनात त्या बाईला उत्तरं देत होतो. किती वेळ गेला, कोण जाणे. मोठा अधिकारी तिथं आला असता तर माझीच चौकशी लागली असती.

दार उघडलं. सून दारात उभी होती. मला बघून तिनं पदर तोंडाशी नेला, पण ओरडली नाही. तिच्यामागं नातीच्या गादीची एक कड न शिवता ठेवलेली दिसत होती आणि आत कापसात पाटी मावेल एवढा खळगा होता.

"चोरी न्हाई केली, साहेब," ती कुजबुजली. "पोरीच्याच नावावर आलीया. मामंजी अंघोळीला गेल्यावर चावी घिऊन काढली. शनवारी परत ठेवणारच हुते."

"मग का नाही ठेवलीस?"

"पोरीनं इचारलं, उद्या काय शिकवंल गं ती? मग हात धजला न्हाई."

"सासऱ्यांना सांगायचं होतंस."

"दोनदा सांगितलं. खराब झाली तर, म्हनाले. त्यांच्यापुढं तिसऱ्यांदा बोलायची रीत न्हाई आमच्यात. आन् ताई म्हणल्या, वापर न्हाई तर काढून नेणार. आवं, ही शाळंत जाऊन नुसती बसंल, बाकीची पोरं म्होरं जातील. मी चौथीत शाळा सोडली, साहेब. मला लय ठावं हाय मागं बसणं."

"आणि चाचा?"

आता मात्र तिचे डोळे भरले. "पाटी लपवायला ही कड त्यांनीच मोकळी ठिवली. सोमवारीच त्यांच्या घरला गेले. कबूल करते म्हणलं. चाचा म्हणाले, पोरीचे धडे हुईस्तवर थांब. माझं काय, चार दिवस बोलतील लोक. पोरीचा जून परत येणार न्हाई."

मला माझी लाज वाटली. चार तास बाकावर बसवलेला माणूस दुसऱ्याच्या नातीसाठी गप्प होता, आणि स्वतःची नात यादीबाहेर राहिली होती. ओट्यावर जाऊन सुभेदारांना हलकेच उठवलं, ओठांवर बोट ठेवलं आणि परसदाराशी आणून उभं केलं.

नात गोधडीवर पालथी पडून चांदण्या मोजत होती. नऊपर्यंत गेली, अडखळली, आणि मग स्वतःच म्हणाली, "धा!" पाटीनं तिला शाब्बास म्हटलं. तिनंही पाटीला शाब्बास म्हटलं. सुभेदार बघत राहिले. त्यांचे हात आपोआप बाजूला सरळ झाले होते. ते एवढंच बोलले, "ओरखडा पडू दे." मग करगोट्याची चावी सोडली आणि सुनेच्या हातावर ठेवली.

पुढं त्यांनी जे केलं, ते मी विसरणार नाही. आत जाऊन त्यांनी स्वतःची गादी गुंडाळली, डोक्यावर घेतली आणि भर उन्हात वाडीच्या मधल्या वाटेनं खालच्या आळीला निघाले. दारं उघडू लागली. ज्या माणसानं सरपंचालाही कधी मान वाकवली नव्हती, तो गादी डोक्यावर घेऊन पिंजाऱ्याच्या दारात उभा होता.

"चाचा, माजी गादी करायची हाय," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "हितं न्हाई. माझ्या घरात येऊन. मी जेवायला थांबलोय."

चाचांनी त्यांच्या डोक्यावरची गादी उतरवून स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि दोघं वर चढू लागले. मागून सून, तिच्या कडेवर नात, आणि चाचांची नातही कुणीतरी सोबत घेतलेली.

शनिवारी सुभेदारांचा दुसरा अर्ज आला, तोही मुद्देवार. एक, वस्तू सापडली. दोन, वस्तू वापरात आहे. तीन, दोन मुली वापरत आहेत, त्यास हरकत नसावी. चार, चूक माझी. मी अर्ज दप्तरी दाखल केला. ताईंनी तिसऱ्या मुद्द्याकडं काणाडोळा केला, आणि मीही.

त्या प्रकरणानं मला शिकवलं, की गप्प बसणारा माणूस काही लपवत असतो, हे खरं. पण तो कुणाला तरी सांभाळतही असतो. जबाब घेताना मी एवढी वर्षं पहिलंच शोधत आलो. दुसरं कुणी शिकवलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

निवृत्तीच्या आठवड्यात मी चाचांना बोलावून घेतलं आणि माझी जुनी गादी ठाण्याच्या व्हरांड्यात, त्याच बाकासमोर करायला लावली. बाजाराचाच दिवस निवडला. बदल्यांच्या धावपळीत ती गादी पंचवीस वर्षं उसवली नव्हती.

"चाचा, माझं चुकलं," मी सगळ्यांदेखत म्हणालो.

"आवं साहेब, तुमी तुमचं काम केलं," ते म्हणाले आणि धनुकलीची तार छेडत राहिले. दिवसभर व्हरांड्यात कापूस उडत होता. शिपायांच्या टोप्या पांढऱ्या झाल्या आणि कुणी रागावलं नाही.

परवा माझी मुलगी माहेरी आली होती. दुपारी त्या गादीवर पडली आणि एकदम हसत उठून बसली. एका कोपऱ्यात तिच्या हाताला काहीतरी टोचलं होतं. लहानपणी तिला पाटीवरची पेन्सिल खायची खोड होती. आईच्या भीतीनं ती तुकडे गादीच्या त्या कोपऱ्यात लपवायची, हे मला परवा पहिल्यांदा कळलं.

"बाबा, अजून इथंच आहेत? तुम्ही तर गादी नवी करून घेतलीत ना?"

करून घेतली होती. कापूस सगळा बाहेर निघाला होता, पिंजला होता, पुन्हा भरला होता. चाचांना ते तुकडे सापडले होते, आणि त्यांनी ते होते त्याच कोपऱ्यात ठेवून वर टाका घातला होता. मला एका शब्दानं बोलले नव्हते.