निळी दोरी

सुनंदाताई नसत्या, तर आज मला उजवा पाय नसता. रोह्याहून लग्न होऊन पेणजवळच्या आमच्या गावात आलेल्या त्या आशाताई, म्हणजे गावच्या आरोग्यसेविका. इथे सुरतेत खोके बांधताना निळी दोरी बोटाला आवळली, की बोटाचं टोक जांभळं पडतं आणि मी ती घाईने सैल करते.

आठवीत शाळा सोडून मी मिठागरात जायला लागले होते. चिखलातल्या काचेने पाऊल चिरलं. रक्त पाहून बाबांनी पोटरीला अशीच दोरी करकचून बांधली. हळूहळू पाय काळानिळा, थंडगार पडला. चिमटा काढला तरी कळेना.

ताई धावत आल्या. "सोडा ती दोरी!"

"सगळं रगात जाईल गो!" बाबा रडकुंडीला आले.

"दादा, काळजातून रगात येतं, तसं परत जायला पण पायजे. बांधातल्या उघाडीचं दार बंद ठेवलं, तर खाडीचं पाणी फिरंल काय?"

दोरी सोडून त्यांनी जखमेवर स्वच्छ फडकं दाबून धरलं, ते थेट दवाखान्यापर्यंत. रिक्षात पायाला मुंग्या आल्या, मी किंचाळले, तर ताई हसल्या. "ओरड गो, ओरड! पाय जिता हाय."

तेव्हा त्या निष्ठुर वाटल्या. आता आठवतं, फडक्यावरचा हात त्यांनी क्षणभरही काढला नव्हता. हल्ली त्यांचे गुडघे धरतात म्हणे. त्यांना आधार लागेल त्या दिवशी याच पायांनी मी गावी पोचेन.