पाठमोरी पलटण

प्रेमदाससोबत रस्त्यानं चालणं म्हणजे माझ्या डोक्याला ताप होता. बोलता बोलता बाजूला पाहावं तर हा गायब. वळून बघावं तर चार पावलं मागून येतोय, नजर माझ्या पाठीवर. "काऊन रे, मी नवरदेव अन् तू वऱ्हाडी हायेस का?" असं मी खेकसायचो. तो हसायचा, थोडा वेळ बरोबरीनं यायचा, की पुन्हा मागे.

वर्ध्याला प्रभाकररावांच्या छापखान्यात मी खिळे जुळवायचो आणि तो लाकडी ठसे कोरायचा. विडीच्या बंडलावरचा वाघ, सरकीच्या पोत्यावरचा बैल, लग्नपत्रिकेवरचा गणपती, सगळं त्याच्या हातचं. छप्पन साली त्यानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा मालकांनी भीत भीत विचारलं, आता गणपतीचं काय? "पोटाचा धंदा हाये, मालक. कोरीन. हात जोडनार नाई," प्रेमदास म्हणाला. मालकांचा जीव भांड्यात पडला.

तो जाम गावाजवळच्या एका खेड्यातला. महायुद्धात तो आणि त्याच्या गल्लीतला गुलाब एकदमच भरती झाले, ब्रह्मदेशाच्या जंगलात रस्ते करणाऱ्या पलटणीत. प्रेमदास परत आला, गुलाब आला नाही. पुढे प्रेमदासनं लग्न केलं नाही. छापखान्यामागच्या खोलीत एकटाच राहायचा, एकट्यापुरतं पिठलं टाकायचा, आणि सणावाराला कुणी जेवायला बोलावलं तर काहीतरी निमित्त सांगायचा. माणूसघाणा नव्हता. पण त्याच्या खोलीत दुसऱ्या माणसाला बसायला पाटसुद्धा नव्हता, याचं मला फार वाईट वाटायचं.

सुट्टीच्या दिवशी तो स्वतःची चित्रं छापायचा. हातकागदाच्या कारखान्यातून टाकाऊ ताव मागून आणायचे, शिवण लाकडाच्या फळीवर कोरलेल्या ठशाला शाई लावायची, वर कागद ठेवून वाटीच्या बुडानं घासायचा. चित्रं युद्धाची. म्हणजे तो म्हणायचा युद्धाची. मला त्यात ना तोफ दिसायची, ना विमान. नुसत्या पाठी. पाऊस, चिखल आणि ओझ्याखाली वाकलेल्या माणसांच्या पाठी, एकामागे एक. मी हट्टानं त्याला नागपूरच्या एका प्रदर्शनात घेऊन गेलो. चित्रं निवडणाऱ्या गृहस्थांनी चष्मा वर करून विचारलं, "यात शत्रू कुठं आहे?"

"मले नाई दिसला, साहेब," हा म्हणाला. चित्रं बगलेत मारून आम्ही परत आलो.

गाडीत मी चिडून म्हणालो, "अरे, एखाद्याले तरी तोंड दे!"

"तिथं तोंड कोनाचं दिसत होतं, भाऊ? अंधारगुडूप जंगल, वरून पानी. समोरच्याचा सदरा धरून चालाचं. सुटला तं गेला. माह्यासमोर गुलाब राहे. एक दिवस दरड कोसळली, अन् समोर कोनी नाई."

एवढंच. 

दीक्षेनंतरच्या उन्हाळ्यात गुलाबची माय, कमलाबाई, मोटारीनं वर्ध्याला आली. दीक्षा घेतलेल्या साऱ्या वस्तीबरोबर तिनंही घरातले देव नदीत सोडले होते. त्यांतच गुलाबचा टाक होता. बिनलग्नाचं पोर गेलं की चांदीच्या पत्र्यावर त्याचा वीर उठवून देव्हाऱ्यात ठेवायची रीत. सोनाराकडे साचा एकच, त्यामुळे गावोगावचे वीर घोड्यावर, हातात तलवार. गुलाब उभ्या जन्मात घोड्यावर बसला नव्हता.

"टाक सोडल्याचं मले वाईट नाई वाटलं," ती म्हणाली. "तो कुठं माहा गुलाब होता? पन आता घरात त्याचं काईच नाई रे. फोटू नाई. तू शेवटपर्यंत त्याच्यासंगं होता. त्याचं तोंड काढून दे मले."

प्रेमदास हो म्हणाला. त्या माउलीसमोर दुसरं काय म्हणणार?

मग तो कोरत बसला. एक तोंड विडीच्या लेबलावरच्या पैलवानासारखं आलं, दुसरं चक्क आमच्या मुनिमासारखं. एकेक फळी चुलीत गेली. त्याचं खाण्यापिण्याकडे लक्ष राहिना. शेवटी मी म्हणालो, "कोनतंही बरं तोंड कोरून दे. म्हातारीले काय समजते?"

आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्यावर ओरडला. "तिले समजंन! अन् नाई समजलं, तं ते त्याहून वाईट." मग पटाशी खाली ठेवून हळूच म्हणाला, "मले त्याचं तोंडच नाई आठवत, भाऊ. एका ताटात जेवलो आमी. पन डोये मिटले का पाठच दिसते."

पोळ्याच्या सुमारास कमलाबाई पुन्हा आली. मी खोलीतच होतो. ती चटईवर टेकली, पदरानं घाम पुसला आणि त्याच्याकडे पाहत राहिली. प्रेमदासनं खाली बघूनच सांगितलं, "माय, मले त्याचं तोंड आठवत नाई."

आता ही छाती पिटणार, असं मला वाटलं. तिनं घाम पुसलेला पदर नीट खांद्यावर घेतला.

"मलेबी नाई आठवत," ती म्हणाली. "कवाचं गेलं. माय असून कोनाले सांगू? म्हनून तं तुह्याकडे आली होती. वाटलं, तुह्यापाशी असंन."

मला तिथं बसवेना आणि उठवेना. प्रेमदासच उठला. खाटेखालून त्यानं कागदांची गुंडाळी काढली आणि एक चित्र तिच्यापुढं पसरलं. पाठीच पाठी. ती वाकली. तिचं बोट एकेका पाठीवरून सरकत गेलं आणि रांगेतल्या शेवटच्या माणसावर थांबलं. त्याचा डावा खांदा जरा उतरलेला होता.

"हा," ती म्हणाली. "लहानपनी कावडीनं पानी वाहे. तवाचाच पडला हा खांदा." आणि मग, "भरतीले गेला तवा मी दारात उभी होती. असाच गेला. मांगं वयून नाई पायलं त्यानं."

प्रेमदास रडायला लागला. तिनं त्याला रडू दिलं. मग विचारलं, "याच्या मांगं कोन होतं?"

"मी."

"मंग बरं झालं," ती म्हणाली आणि चित्र गुंडाळून तिनं पदराखाली घेतलं.

आम्ही तिला मोटार स्टँडवर सोडायला निघालो. ती पुढे, आणि सवयीप्रमाणे प्रेमदास चार पावलं मागे. थोडं चालून ती थांबली, मागे वळली आणि त्याच्याकडे नीट पाहून म्हणाली, "बाजूनं चाल, बापा. मले आता कोनाले पाठ नाई दाखवाची."

तो तिच्या बाजूला गेला. सवय नव्हती, पाय अडखळत होते त्याचे. मी मुद्दाम मागे राहिलो.